बाल्कनीतली आपा

चालत्या स्कूल बसमध्ये काहीही न धरता उभं राहणं आपाला जमायचं. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या राउंडअबाउटला ड्रायव्हर अशी काही बस वळवायचा, की नववी-दहावीतले दांडगे मुलगेसुद्धा सीटच्या कडेला लटकायचे. आपा मात्र दोन्ही पाय फाकवून मधल्या वाटेत उभी. एका हातात कुणाची तरी पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात कुणाचं तरी दप्तर, आणि तोंडानं, "सीट इज सीट! बॅक इज बॅक! यल्ला, मोहम्मद, बैठो!" मुलं तिला नॅनी म्हणायची आणि इंग्रजीत तिच्याकडे एकमेकांच्या तक्रारी करायची. आपाला त्यातलं निम्मं कळायचं. "भांडण कुठल्या भाषेत आहे याला काय महत्त्व?" ती म्हणायची. "ज्याचं तोंड लाल, त्याला खिडकीकडे बसवायचं."

घरातही ती तशीच उभी राहायची, दरवाजात पाय फाकवून. घर म्हणजे खाडीच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. एक बेडरूम, एक हॉल, जेमतेम एक माणूस वळेल असं किचन आणि हॉलला लागून काचेच्या सरकत्या दाराची लांबट बाल्कनी. फ्लॅटचा भाडेकरार आपाच्या नावावर होता आणि आम्ही दोघी तिच्या बेडस्पेसवाल्या, म्हणजे एकेका पलंगाचं भाडं देणाऱ्या. मी, वसईची मर्सी, हमरिया फ्री झोनमधल्या एका ट्रेडिंग कंपनीत शिपिंगचे डॉक्युमेंट्स करायचे. माझा बेड हॉलमध्ये. दुसरी सुनीता, साताऱ्याकडची. ती हमरियातच एका पॅकिंग युनिटमध्ये होती आणि आपाबरोबर बेडरूममध्ये झोपायची. तिचा नवरा प्रकाश दुबईत मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पात राहायचा. त्या भागाला सगळे सोनापूर म्हणतात. वेगळं घर घेणं दोघांना परवडत नव्हतं, म्हणून ते शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, भेटायचे. शुक्रवारी आपा प्रकाशसाठी जास्तीचं कालवण करायची आणि मला मुद्दाम चर्चला पिटाळायची, म्हणजे हॉल रिकामा.

आपा मूळची श्रीवर्धनच्या बाजूची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. भावाच्या घरावर तिनं इथल्या कमाईतून एक खोली चढवली होती आणि म्हातारपणी आपण त्या खोलीच्या खिडकीत बसणार असं ती सांगायची. वयानं आमच्याहून बरीच मोठी, पण तिला 'तुम्ही' म्हटलेलं चालायचं नाही. मी पहिल्या दिवशी म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही म्हणजे प्रिन्सिपल मॅडम. मी आपा. मला तू म्हण, नाहीतर दुसरं घर बघ." सुनीताला मात्र ते कधी जमलं नाही.

तो आजार आला तेव्हा आधी शाळा बंद झाल्या. आपा घरी बसली आणि बसमधली सगळी शिस्त तिनं आमच्यावर काढली. चपला दाराबाहेर. बाहेरून आलं की थेट बाथरूम. दुधाची पिशवी साबणानं धुवायची, कांदे मिठाच्या पाण्यात टाकायचे, बेकरीतनं आणलेला खबूस दोन्ही बाजूंनी गॅसवर फिरवायचा. मोबाईलवर सरकारी सूचना इंग्रजीत यायच्या. त्या मी वाचून दाखवायच्या आणि आपानं अंमलात आणायच्या. शिवाय सकाळी चमचाभर कलौंजी, संध्याकाळी वाफ, आणि झोपताना हळदीचं दूध हा तिचा स्वतःचा कारभार होताच. मी एकदा म्हटलं, "अगं, कलौंजीनं काही होत नाही, डॉक्टर सांगतायत." आपा म्हणाली, "सरकार सांगतंय ते पण करायचं, माझी आई सांगायची ते पण करायचं. दोघांतलं एक तरी खरं असेल की नाही?"

सुनीताला सातवा सरत आला होता. मार्चच्या शेवटाचं तिचं तिकीट होतं, बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. आणि विमानं बंद झाली. पाठोपाठ प्रकाशच्या कॅम्पातल्या एका खोलीत रुग्ण सापडले आणि बाहेर ये-जा थांबली. शुक्रवार येऊन जायचे. सुनीता रोज ती बॅग ओढून काढायची, बाळाची टोपडी उलगडून पुन्हा घडी घालायची आणि बॅग आत ढकलायची. आपा ते बघून न बघितल्यासारखं करायची. एक दिवस म्हणाली, "इथल्या बायकांना काय पोरं होत नाहीत? होईल इथंच. मी आहे, ही मर्सी आहे. इन्शाल्ला सगळं नीट होईल." त्यावर सुनीता रडली आणि आपानं तिला खिडकीकडे बसवलं.

फ्लॅट तोच होता, पण दिवसागणिक लहान होत गेला. संध्याकाळी बाहेर जायची बंदी सुरू व्हायच्या आधी तिघींचे फोन एकदम ठणाणा करायचे आणि सुनीता दचकून पोटावर हात ठेवायची. नळाचं पाणी उन्हानं इतकं तापायचं, की आंघोळीची बादली आधी भरून तासभर निवत ठेवावी लागे. एकीनं भांडं आपटलं की तिघींची डोकी उठायची. बाल्कनीतनं खाडीचं पाणी आणि पलीकडची हिरवी झुडपं दिसायची. तिथं पक्षी उतरायचे, उडायचे. मला त्यांचा राग यायला लागला होता. कंपनीनं काही दिवस घरून काम दिलं होतं, पण मालाचे कंटेनर येतच होते आणि कागदांवर शिक्के लागतच होते. म्हणून आठवड्यातनं दोनदा मला हमरियाला जावं लागे. जाताना सुटल्यासारखं वाटायचं आणि परत येताना चोरासारखं. दारात आपा उभी असायची. "हात लावू नकोस कशाला. आधी आंघोळ."

मग एका दुपारी आमच्या खालच्या मजल्यावरच्या चार माणसांना न्यायला गाडी आली. ती कुठल्या कुठल्या दुकानांत काम करणारी माणसं होती. जिन्यात भेटली की हसायची. अंगभर पांढरे कपडे घातलेले लोक आले आणि चौघांना पिशव्यांसकट घेऊन गेले. वॉचमननं नंतर सांगितलं, की एकाला ताप होता. बाकीच्या तिघांना तपासणीसाठी कुठे कुठे वेगवेगळं ठेवलं, ते त्याला माहीत नव्हतं. त्यांच्या दाराबाहेर चपला तशाच राहिल्या. आपानं सगळं वरून बघितलं. पडदा ओढला आणि आम्हा दोघींसमोर येऊन उभी राहिली.

"ऐका. या घरात कोणाला ताप आला, तर तो ताप नाही. समजलं? ऊन लागलं म्हणायचं. पाळी म्हणायचं. पण ताप म्हणायचा नाही."

"आणि खरंच आला तर?" मी विचारलं.

"तर मी बघेन. नेलं तर तिघींना तीन ठिकाणी नेतील. ही पोटुशी कुठल्या खोलीत एकटी बसेल? हिचा माणूस तिकडे कोंडलाय. आणि मला शाळेच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी बिनपगारी घरी बसवलंय. आजारी बाईला ते पुन्हा कशाला घेतील?"

जी बाई दुधाची पिशवी साबणानं धूत होती, ती असं म्हणत होती. तिला रोगाची भीती होतीच, पण त्या गाडीची भीती त्याहून मोठी होती. खरं सांगायचं तर आमचीही तीच गत होती, म्हणून आम्ही गप्प बसलो.

रमजान सुरू होता. आपाचे रोजे चालू होते. शेवटच्या आठवड्यात माझ्या ऑफिसातला एक सहकारी पॉझिटिव्ह निघाला. तो माझ्या डिपार्टमेंटचा नव्हता, पण मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आपानं आपली गादी, उशी, नमाजाची चटई आणि पाण्याचा कॅन बाल्कनीत नेला होता. कठड्याला जुनी चादर बांधून सावली केली होती आणि काचेचं दार पूर्ण लावून घेतलं होतं.

"आत जीव घुसमटतो," ती काचेपलीकडून म्हणाली. "इफ्तारचं ताट दाराशी ठेवा. मी घेईन."

मे महिन्यात, त्या उन्हात, बाल्कनीत! मला ते लागलं. मला वाटलं, ही माझ्यापासून पळाली. मला बाहेर काढता येत नाही म्हणून स्वतः बाहेर गेली. सुनीताला तर काही सुचेना. "त्यांना आपली किळस आली का गं?" तिनं विचारलं. दोन दिवस मी आपाशी मोजकंच बोलले. ताट ठेवायचे, काचेवर टकटक करायचे आणि वळून निघून यायचे. बाथरूमला जायचं असलं की आपा काचेपलीकडनं ओरडून आम्हाला बेडरूममध्ये पिटाळायची, तोंडाला ओढणी घट्ट बांधून जायची आणि परतताना दाराच्या मुठीपासून फरशीपर्यंत सगळं डेटॉलनं पुसत जायची. तेही मला अपमानासारखंच वाटलं. आमची घाण पुसतेय असं वाटलं.

तिसऱ्या संध्याकाळी अजान झाली तरी ताट जागेवरच होतं. खजुरालाही हात लागलेला नव्हता. मी काचेला नाक लावून बघितलं. बाहेर भट्टीसारखी हवा होती आणि आपा थंडीतली जाड रजई गळ्यापर्यंत ओढून भिंतीला टेकून बसली होती. दात वाजत होते.

मी दार सरकवलं. "आपा!"

"दार लाव!" ती ओरडली. म्हणजे ओरडायला गेली. 'दार' म्हणाली, मग श्वास घेतला, मग 'लाव' म्हणाली. अख्ख्या बसला ऐकू जाणारा तो आवाज दोन शब्द एका दमात बोलू शकत नव्हता.

"कधीपासून आहे?"

"काय?"

"ताप, आपा."

"ऊन लागलंय."

मी दार लावलं. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे ती. आपा खालमानेनं बोलत होती आणि मला कान काचेला लावावा लागत होता. "हिचं बाळंतपण होऊ दे. आता दिवसच किती राहिलेत? मग मी स्वतः जाईन. चालत जाईन. आत्ता नको, मर्सी. माझी शपथ आहे तुला."

मागे सुनीता येऊन उभी राहिली होती. तिला सगळं कळलं होतं. "फोन करू नकोस," ती म्हणाली. "आपल्याला वेगळं करतील. मला एकटीला नेतील. मी नाही जाणार कुठं."

दोघी मला तेच सांगत होत्या, आणि दोघींची भीती काही खोटी नव्हती. मी किचनमध्ये गेले, गॅससमोर उभी राहिले. तिथंही काचेवर आपाचं बोट वाजलेलं ऐकू येत होतं. तिला मी काय करणार ते कळलं होतं. टकटक, टकटक. मग ती टकटकही दमली. त्या शांततेनं मी घाबरले आणि हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत होती. घरात कोण, किती महिन्यांची गरोदर, पेशंटला बोलता येतंय का. मी उत्तरं देत होते आणि सुनीता माझ्याकडे असं बघत होती, जणू मी घराला आग लावतेय.

गाडी लगेच आली. पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस लाहोरकडची उर्दू बोलत होता. बाल्कनीच्या दाराशी गुडघ्यावर बसून तो म्हणाला, "खाला, चलिए. हम आपको छोड़ने भी आएँगे." आपानं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"तू मला धरून दिलंस," ती म्हणाली.

जिन्यात ती दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी उतरली. आपाला काही धरून उभं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आमची तपासणी झाली. सुनीताला तपासायला आलेल्या नर्सनं तिचं पोट बघून तिला हलवायचं नाही असं ठरवलं, आणि आम्हा दोघींना घरातच बंद राहायला सांगितलं. दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. सुनीता रिपोर्ट हातात धरून बाल्कनीच्या काचेकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, "त्या आपल्यापासनं पळाल्या नव्हत्या गं." हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं मला फोनवर सांगितलं होतं, की ऑक्सिजन फार खाली गेला होता, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर त्याला काही करता आलं नसतं. ते मी सुनीताला सांगितलं. आपाला सांगायची सोय नव्हती, कारण आपा माझा फोन घेत नव्हती. सुनीतानं स्पीकर लावला की विचारायची, "ती आहे का तिथं? मग स्पीकर बंद कर."

ईद झाली. सुनीताला मुलगी झाली. प्रकाशनं आपली लेक फोनच्या स्क्रीनवर बघितली आणि कॅम्पातल्या खोलीत सगळ्यांसमोर मोठ्यानं रडला. नंतर काही दिवसांनी आपा आली. निम्मी झाली होती. कपडे अंगावर टांगल्यासारखे. हातात निगेटिव्हचा रिपोर्ट होता, तरी ती बेडरूमच्या उंबऱ्यावरच थांबली आणि तिथूनच बाळाला डोळे भरून बघितलं. सुनीता म्हणाली, "घ्या की तिला. रिपोर्ट आलाय ना?"

"रिपोर्टवर विश्वास आहे गं," आपा म्हणाली. "माझ्यावर नाही."

ती शेवटपर्यंत बाळाला हातात घ्यायला तयार झाली नाही. टोपडी शिवली, शेकायला निखारे करता येत नाहीत म्हणून तव्यावर फडकी गरम करून दिली, रात्री बाळ रडलं की दाराबाहेर बसून गुणगुणत राहिली. माझ्याशी मात्र ती कामापुरतंच बोलायची. "पाणी निवलंय." "गॅस संपत आलाय." मी एकदा म्हटलं, "आपा, डॉक्टर म्हणाले की..." ती उठून किचनमध्ये गेली आणि जोरजोरात भांडी घासू लागली.

ट्रान्सपोर्ट कंपनीनं तिला परत घेतलं नाही. तिच्यासारख्या कितीतरी बायकांना त्यांनी त्या काळात कमी केलं, त्याचा आजाराशी काही संबंध नव्हता. पण आपाला ते पटणं शक्य नव्हतं. माणसांना परत नेणाऱ्या विमानात तिला जागा मिळाली आणि तयारीला एक दिवस हाती आला. फ्लॅटचा करार माझ्या नावावर करून द्यायला ती माझ्याबरोबर सरकारी कागद करून देणाऱ्या टायपिंग सेंटरला आली, टॅक्सीत खिडकीकडे तोंड करून बसली. निघताना सुनीताच्या डोक्यावरनं हवेतच हात फिरवला. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाल्कनीचं दार रुळावरनं घसरतं. माणूस बोलावून दुरुस्त करून घे." आणि गेली.

गावाकडे भावानं तिला घरात घेतलं नाही. सरकारी नियमाचे दिवस शाळेत काढून झाले, तरी घेतलं नाही. नारळाच्या वाडीतल्या खोपटात तिची गादी टाकली. स्वतः बांधलेली वरची खोली तिला तिथून दिसायची. हे मला सुनीताकडून कळायचं. ऐकून माझा संताप व्हायचा, पण आपाचा होत नव्हता. ती सुनीताला म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी काय वेगळं केलं असतं? फक्त ती वहिनी ताट ठेवते आणि धावत सुटते. तिला म्हटलं, बाई, धावू नकोस, शेवाळ आहे, पडशील." पुढे पावसाचं पाणी खोपटात शिरलं तेव्हा कुठे तिला वर घेतलं.

पुढच्या वर्षी आजाराची लाट गावागावांत शिरली. त्या वेळी एके दिवशी सकाळी मी हमरियाला ऑफिसात होते, टेबलावर कागदांचा गठ्ठा पडला होता, आणि मोबाईलवर आपाचं नाव आलं. मधल्या काळात तिनं मला एकदाही फोन केला नव्हता. मी उठून बाहेर पॅसेजमध्ये आले.

"मर्सी? आपा बोलतेय."

"बोल, आपा."

"वहिनीला ताप आहे. चार दिवस झाले. घरात सगळे म्हणतात, बोलू नका कुठं, सुनेच्या माहेरचे संबंध तोडतील, आपलं दुकान बंद करतील. गावात प्रत्येक घरात ताप आहे आणि कोणाच्याच घरात ताप नाही. वहिनीला बोलताना दम लागायला लागला. मी मागच्या दारानं निघाले. आरोग्य केंद्राच्या ताईला फोन केला. आत्ता गाडी येऊन घेऊन गेली तिला."

ती वहिनी वाचली. आठवड्याभरानं घरी आली. पण हे मला नंतर कळलं. त्या सकाळी आम्हा दोघींनाही ते माहीत नव्हतं.

"बरं केलंस, आपा," मी म्हणाले.

"तू तेव्हा फोन कसा लावलास गं? माझं बोटच बटणाला लागेना."

"माझं पण लागत नव्हतं. दोनदा चुकीचा नंबर लागला."

मग आपा हळू आवाजात म्हणाली, "घरात कोणी बोलत नाही माझ्याशी. भाऊ म्हणाला, तू हिला धरून दिलंस."

"बोलतील."

"किती दिवसांनी बोलतील?"



"एक वर्ष लागतं, आपा," मी म्हणाले.